दोन बोटं जास्त उंच

मित्रांनो, माझ्या अंगावरचे रंग मोजायला बसलात तर पाच निघतील, आणि त्यांतला मूळचा कोणता हे आता मलाही सांगता येणार नाही. मी एक जुनी पिकअप आहे. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, आणि चारही चाकांना एकदम जोर मिळावा म्हणून गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा. त्या दांड्याचा मला फार अभिमान आहे. तो सगळ्या गाड्यांना नसतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मिस्त्रींच्या दारात. मिस्त्री म्हणजे दगडाच्या भिंती बांधणारे गवंडी. डोंगरावरच्या खाणीतून दगड आणायचा, कामावर उतरवायचा आणि पुन्हा वर जायचं, असं आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं केलं. त्या वाटेवर खड्डे जास्त आणि वाट कमी. भल्याभल्या गाड्या पायथ्याशीच मान टाकायच्या आणि मी हौदाभर दगड घेऊन झुलत खाली उतरायचे. लोक मिस्त्रींना विचारायचे, ही गाडी आहे की बकरी? बकरी म्हटलेलं मला आवडायचं नाही, पण कौतुक ते कौतुकच.

मग एके दिवशी खाणीत एक दगड घरंगळला आणि मिस्त्रींच्या डाव्या गुडघ्यावर बसला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. मित्रांनो, डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. क्लच दाबला नाही तर गिअर पडत नाही, आणि गिअर पडला नाही तर माझ्यासारखी गाडी म्हणजे नुसतं लोखंडाचं ओझं. मला घरामागच्या शेडमध्ये लावलं. मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. त्या खिडकीतून शेडचं दार दिसायचं.

अशी तीन वर्षं गेली. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला आणि तारा कुरतडल्या. ब्रेक जाम झाले. पायाखालचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली. खरं सांगते, मला उंदरांपेक्षा त्या खिडकीचा त्रास जास्त व्हायचा. भिंती बांधणारा माणूस दिवसभर एका दाराकडे बघत बसायचा आणि कोणाशी धड बोलायचाही नाही.

मालकीणबाईंना ते बघवेना. मी डोळ्यांसमोर आहे तोवर हे खुर्चीतून उठायचे नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना नवरा परत हवा होता, आणि त्यासाठी मला घालवावं लागेल असं त्यांना वाटत होतं.

आडवी आली ती त्यांची मुलगी. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. तिने आईकडे दोन महिने मागितले. आई कबूल झाल्या, पण अट घालून. दोन महिन्यांनी भंगारवाला येईल. त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः मला खाणीपर्यंत चालवत नेऊन परत आणलं तर मी राहणार, नाहीतर भंगारवाला मला घेऊन जाणार.

मुलगी हुशार होती, पण तिच्या लेखी मी म्हणजे जरा मोठी शिलाई मशीन. पहिल्याच दिवशी तिने माझ्या सांध्यासांध्यांत मशीनचं ते पातळ तेल सोडलं. मला गुदगुल्या झाल्या, दुसरा काही उपयोग झाला नाही. मग ती शिकली. चुकली, पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. तारा बदलल्या, ब्रेक सोडवले, पत्र्याला ठिगळ मारलं. मिस्त्री नऊ दिवस खुर्चीतून हलले नाहीत. दहाव्या दिवशी ती गंजून घट्ट बसलेला नट काढायला हातोडी मारत होती आणि प्रत्येक घाव वाकडा पडत होता. गवंड्याच्या कानाला ते किती सहन होणार? काठी टेकत मिस्त्री शेडमध्ये आले आणि म्हणाले, "हातोडी अशी धरतात का?"

त्यानंतर त्यांची खुर्चीच शेडमध्ये आली.

क्लचचा तोडगा मुलीने काढला. गिअरच्या दांड्यालाच तिने एक मूठ बसवली. मूठ आवळली की बारीक नळीतल्या तेलावर दाब यायचा आणि पुढे क्लच दाबला जायचा. पायाचं काम हाताकडे आलं. मूठ इतकी कडक झाली की मुलीला ती तीनदा आवळली की हात झटकावा लागे. मिस्त्रींनी ती लिंबासारखी पिळली. जन्मभर दगड उचललेले ते हात. मला त्या दिवशी सुरू न होताच चालल्यासारखं वाटलं.

हुरूप आला की माणसांना थांबायचं कळत नाही. खाणीची वाट तीन वर्षांत अजून उखडली असणार, तेव्हा गाडी उंच हवी, असं मिस्त्रींनी ठरवलं. स्प्रिंगांना जास्तीचे पाटे बसले. मोठी चाकं आली आणि जुनी चाकं, अडगळ नको म्हणून, भंगारवाल्याला विकून टाकली. तरी मिस्त्रींचं आपलं चालूच, अजून दोन बोटं, अजून दोन बोटं. माझ्या पोटाखाली किती जागा झाली हे बापलेक रोज मोजायचे. डोक्यावर किती उरली हे कोणीच मोजलं नाही.

ठरलेली सकाळ उजाडली. भंगारवाला आपल्या दोन माणसांसह हजर. मिस्त्री आत बसले, मूठ आवळली, मी ऐटीत पुढे सरकले आणि माझं कपाळ दारावरच्या आडव्या दगडाला टेकलं. मी बरोबर दोन बोटं जास्त उंच झाले होते. तो दगड बसवला होता कोणी? खुद्द मिस्त्रींनी. ते दार त्यांनी एकट्याने बांधलं होतं आणि त्याची उंची ते झोपेतही सांगू शकले असते.

भंगारवाला पोट धरून हसला. मुलगी रडायच्या बेतात आली. मिस्त्रींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, अगदी खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवायचे तसे. ते मालकीणबाईंनी पाहिलं.

जुनी चाकं लावावीत तर ती केव्हाच विकली गेली होती. दगड फोडावा तर अख्खं दार खाली आलं असतं. शेवटी मालकीणबाईच पुढे झाल्या.

"दगड भरले की ही खाली बसायची ना?" त्या म्हणाल्या. "मग भरा की. अंगणात काय कमी पडलेत?"

मुलीने चाकांतली हवा निम्मी सोडली. भंगारवाल्याच्या माणसांनी, ते मला न्यायला आले होते हे विसरून, हौदा दगडांनी भरला. तरीही कपाळ एका बोटाने अडत होतं. मालकीणबाईंनी सगळ्यांवर नजर फिरवली. तिथे सर्वांत वजनदार होता तो भंगारवालाच.

"भाऊ, जरा पुढे बॉनेटवर बसता का?"

मालकीणबाईंचा शब्द मोडवेना, म्हणून बिचारा बसला. मी वाकले, कपाळावरचा थोडा रंग दगडाला दिला आणि तीन वर्षांनी उन्हात आले. मित्रांनो, मला न्यायला आलेल्या माणसाला मांडीवर घेऊन मी बाहेर पडले. ही गंमत मी कधी विसरणार नाही.

चाकांत पुन्हा हवा भरली. दगड उतरवायला मिस्त्रींनी मना केलं. रिकामी गाडी चढवण्यात कसली परीक्षा, असं त्यांचं म्हणणं. खाणीत दगड घेऊन जाणारी मी पहिलीच गाडी असेन. शेजारी मालकीणबाई बसल्या. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या विश्वास ठेवणार नव्हत्या.

खड्ड्यांना मी दाद दिली नाही. पण शेवटच्या चढणीवर मिस्त्रींचा घामेजलेला हात मुठीवरून निसटला आणि मी बंद पडले. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि मला पुन्हा सुरू केलं. आता उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मुठीवर. हँडब्रेक सोडायचा कोणी? मूठ सोडून तो सोडावा तर मी पुन्हा बंद पडणार आणि मागे घसरत जाणार. एका बाजूला दरी होती. इंजिन धडधडत होतं आणि मिस्त्रींनी मूठ आवळून धरली होती. या माणसाने तीन वर्षांत कोणाकडे पेलाभर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "मला एक हात कमी पडतोय."

"कुठे लावू?"

"हा दांडा. टोकाचं बटण दाबून धर, आणि मी सांगितलं की खाली सोड."

"आणि मागे गेलो तर?"

"नाही जाणार. तू धरलंयस ना."

त्यांनी सांगितलं आणि बाईंनी दांडा सोडला. मी वीतभरही मागे गेले नाही. चारही चाकांनी वाट चावली, नवे पाटे करकरले आणि मी सगळ्या दगडांसकट वर पोहोचले. खाणीच्या तोंडाशी मिस्त्रींनी मला थांबवलं. ते मोठ्याने हसले, आणि मालकीणबाई हसता हसता रडल्या.

घरी आलो तर भंगारवाला फाटकाशीच बसला होता. मालकीणबाईंनी खाली उतरून पदराला हात पुसले.

"भाऊ, जुनी चाकं तेवढी परत आणून द्या," त्या म्हणाल्या. "आता यांना रोज शेडमधून बाहेर पडायचंय."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात एखादं यंत्र उभं असेल, आणि कदाचित खिडकीजवळ एखादं गप्प झालेलं माणूसही असेल. दोघांनाही पुसून-झटकून नुसतं ठेवू नका. कुठे अडलंय ते विचारा, तेल-पाणी करा आणि पुन्हा चढणीला लावा. थोडं कुरकुरतील, पण चढतील. माझं म्हणाल तर मला आता बोलायला सवड नाही. शाळेमागची भिंत अजून छातीएवढीच झाली आहे आणि मिस्त्री दगडासाठी खोळंबले आहेत.