भगवान नाखव्याचा विरह

कार्यक्रमाच्या दिवशी हितेश भोईर बोलत नसे. सकाळी उठल्यापासून पडदा उघडेपर्यंत मौन, आणि जे काही सांगायचं ते मोबाइलवर टाइप करून समोरच्याच्या नाकासमोर धरायचं. करंजाड्यात फ्लॅट विकून पोट भरणाऱ्या माणसाला हे व्रत झेपणारं नव्हतं, पण कलेसाठी सोसावं लागतं, असं तो ऑफिसातल्या साहेबांना मेसेज करून कळवायचा. अकरा वर्षांत त्याने दह्याला बोट लावलं नव्हतं. भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून तो गिऱ्हाइकांना हवेशीर बाल्कनी दाखवायचा.

हे सगळं भगवान नाखव्यासाठी. उरणजवळच्या करंजा बंदरातल्या या गायकाची एकोणनव्वद साली एकच कॅसेट निघाली आणि चार वर्षांत माणूस गेला. मागे उरलं ते त्याचं धक्क्याचं गाणं. बंदरात होडी लागते आणि बायको टोपली घेऊन धक्क्यावर उभी आहे, एवढंच त्यात होतं, पण नाखव्याने ते इतक्या जड, घोगऱ्या, रखडत्या आवाजात गायलं होतं की पनवेलमधल्या दोन पिढ्या ते ऐकून डोळे पुसत आल्या होत्या. हितेशचा ‘पुन्हा भगवान’ हा बँड ती कॅसेट रंगमंचावर जशीच्या तशी उभी करायचा. नाखवा दुसऱ्या अंतऱ्यात खोकला होता, म्हणून हितेशही तिथेच खोकायचा. कव्हरवरच्या फोटोत नाखव्याने काळा चष्मा घातला होता, म्हणून हितेशही तो घालायचा आणि त्यापायी दोनदा स्टेजवरच्या स्पीकरला अडखळून पडला होता.

बँडचा कर्ताधर्ता दाजी. एके काळी पनवेलच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान होतं. मूळ कॅसेटी मोजक्याच आल्या होत्या. तालुकाभर ज्या वाजल्या, त्या दाजीने आपल्या मशीनवर भरून दिलेल्या. पुढे इंटरनेटवरही त्यानेच आपली कॉपी चढवली. त्यामुळे नाखव्यावर बोलायचा हक्क आपला एकट्याचा, असा त्याचा समज होता आणि तो खोडून काढण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो ‘भगवान नाखव्याचा विरह’ या विषयावर वीस मिनिटं बोलायचा. त्याच्या मते गाण्यातली होडी परत आलेलीच नाही, ती फक्त बायकोच्या डोळ्यांपुढे आहे. लोक गंभीर चेहऱ्याने माना हलवायचे.

कटकट एकच होती. कीबोर्ड वाजवणाऱ्या पूर्वीला गाण्याची पट्टी सापडत नव्हती. नाखव्याचा सूर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर मधे लोंबकळत होता, आणि दर वेळी तिला अख्खा कीबोर्ड खाली ओढून लावावा लागायचा.

“माणूस असा दोन पट्ट्यांच्या मधे गाईलच कसा?” तिने एकदा विचारलं.

“ती त्याची श्रुती आहे,” दाजी म्हणाला. “शिकून येत नाही ती.”

आजचा दिवस मोठा होता. नाखव्याची बायको कृष्णाबाई पहिल्यांदाच कार्यक्रमाला यायची होती. तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता, आणि मुख्य म्हणजे नाखवा गळ्यात बांधायचा तो लाल रुमाल तिने जपून ठेवला होता. तो ती भर स्टेजवर हितेशच्या गळ्यात बांधणार, असं दाजीने ठरवून टाकलं होतं. उरणमध्ये नक्कल गाणारा असाच एक भगवान निघाला होता, अलिबागकडे आणखी दोन. रुमाल मिळाला की खरा भगवान कोण हा प्रश्नच मिटला. त्या रुमालापायी हितेशला महिनाभर झोप नव्हती.

कार्यक्रम साडेपाचचा. साडेचारला नाट्यगृहात माइक तपासायला म्हणून, बोलायचं नाही पण गायला हरकत नाही या हिशेबाने, हितेशने धक्क्याचं गाणं अर्धं गायलं, वेळेवर खोकला, आणि रंगपटात येऊन गरम पाण्याचे घोट घेत बसला. पाच मिनिटांत दारात एक म्हातारी उभी राहिली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात पिशवी.

“कोन मेलं?” तिने विचारलं.

दाजी लगबगीने उठला. “या या, कृष्णाबाई! लवकर आलात. कुणी नाही मेलं. तुमच्याच यजमानांचं गाणं होतं ते.”

“त्याचं? ता त्याचं गानं हाय?” ती खुर्चीवर टेकली. “आमचा मानूस असा कंदी रडला नाय बाबा.”

हितेशने घाईघाईने टाइप करून मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘आजी, मी त्यांचा विरह गातो.’

“ह्यो मुका हाय काय?” कृष्णाबाईने पूर्वीला विचारलं.

“नाही आजी, कलाकार आहे,” पूर्वी म्हणाली.

“कसला विरह? होरी भरून आलती. एवरी सुरमय गावली का टोपल्या पुरल्या नाय. धक्क्यावरच गायला लागला, नि आमी बाया नाचलो. त्या सालाचं गानं हाय ता.” आणि म्हातारीने मांडीवर थाप देत ते गाणं म्हणून दाखवलं. चांगलं तुरुतुरु पळणारं, पाय जागेवर राहू न देणारं. पूर्वीने मांडीवरच्या कीबोर्डवर बोट ठेवलं.

“काळी पाच,” ती हळूच म्हणाली. “सरळ काळी पाच. दाजी, तुमचं मशीन कसं होतं हो?”

दाजीने चष्मा काढून पुसला. “मूळ कॅसेट फिरवायचा पट्टा जरा सैल होता, हळू फिरायची,” तो म्हणाला. “बदलायचा राहिला. पण लोकांची तक्रार नव्हती.”

अकरा वर्षं हितेशने एका सैल पट्ट्याची साधना केली होती. दही त्यासाठी सोडलं होतं, आणि घसा खरवडून घोगरा केला होता तोही त्यासाठीच. त्याने मौन मोडलं. “आणि खोकला?” त्याने केविलवाण्या आवाजात विचारलं.

“बिडी,” कृष्णाबाई म्हणाली. “नि चष्मा कशाला घातलास? त्याचे तवा डोले आलते म्हनून त्यानं घातलाता.”

मग तिने पिशवीतून रुमाल काढला. रंग उडाला होता, पण घडी मोडलेली नव्हती. “ह्यो तुना द्यायचा म्हनतान. देईन मी. पन तो गायचा तसा गा, बाला. तीस वरसं झाली, मना परत आयकाचाय.”

हितेशला एकदम भरून आलं. त्याने तिच्या पायाला हात लावून शब्द दिला, आणि तो देताना तो खोटं बोलत नव्हता. पूर्वीने कीबोर्ड काळी पाचला लावला. दाजी मात्र पडद्याच्या फटीतून भरलेल्या खुर्च्या बघत राहिला.

साडेपाचला पडदा उघडला. दाजीने विरहावरची वीस मिनिटं जशीच्या तशी ठोकली, एक वाक्य गाळलं नाही. कृष्णाबाईला शाल-श्रीफळ मिळालं. रुमालाचं विचारल्यावर “आधी गाऊ दे,” म्हणून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

हितेशने गाणं धरलं, भरल्या होडीचं, धावतं. पहिल्या रांगेत म्हातारीने टाळी धरली. दोन ओळी झाल्या. मागून कुजबुज आली, मग हसू, मग कुणीतरी ओरडलं, “अरे, ओरिजनल गा ना!”

“भगवानची वाट लावली!” दुसरा म्हणाला.

“उरणवाला बरा याच्यापेक्षा!”

ते शेवटचं हितेशला लागलं. तिसरी ओळ थोडी सैल झाली, चौथी आणखी. पाचव्या ओळीला तो आपल्या जुन्या जड आवाजात पोचला होता, आणि पूर्वी कीबोर्ड खाली ओढत शिव्या पुटपुटत होती. सभागृह शांत झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या अंतऱ्यात तो खोकला, तेव्हा टाळ्या पडल्या.

गाणं संपल्यावर त्याने चष्मा वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं. कृष्णाबाईची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर शाल आणि नारळ होता. रुमाल नव्हता.

हितेशला लाज वाटली, अगदी खरी, कान तापवणारी. दाजी खाली उतरला, त्याने शालीची नीट घडी घातली आणि पुढच्या सत्काराला होईल म्हणून ती काखेत मारली.

तेवढ्यात मागून वन्स मोअर आला. हितेशने चष्मा खाली घेतला आणि तेच गाणं पुन्हा धरलं, या वेळी आणखी संथ.