देवीपुढची पेटी

त्रेसष्ट साली मी घाटंजीजवळच्या एका प्रसूती केंद्रावर नर्स होते. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतल्या दाया केंद्रावर जमायच्या. हात कसे घासायचे, कात्री कशी उकळायची, नाळेला राख का लावायची नाही, हे मी त्यांना दोन वर्षं सांगत होते. त्या चहा प्यायच्या, माना डोलवायच्या आणि घरी गेल्या की पुन्हा विळाच हाती घ्यायच्या. कीर्तनाला बसले की मला बुवांचा हेवा वाटे. दोन तासांत ते अख्खं देऊळ रडवतात, हसवतात; आणि मला बारा बाया वळवता येईनात!

त्या बारा जणींतली एक तांड्यावरची मानीबाई. अर्धा तांडा तिच्याच हातावर जन्मलेला. पण तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलत नव्हता. तिचा मुलगा हरिसिंग, सून मोतीबाई. मी केंद्रावर येण्याआधीच त्यांची दोन बाळं आठव्या दिवशी गेली होती. आधी दूध ओढेनासं व्हायचं, मग जबडा घट्ट मिटायचा, मग अंग धनुष्यासारखं ताठायचं. तांड्यात म्हणायचे, वारं लागलं. तो धनुर्वात होता आणि तो नाळेतून शिरला होता, हे मला ठाऊक होतं.

मोतीबाईचे तिसऱ्यांदा दिवस भरत आले, आणि त्या महिन्यात मानीबाई बैठकीला आली नाही. त्याच दुपारी मी चौकशीला चालतच तांड्यावर गेले. नुसतं विचारून परतायचं म्हणून सामानाची पिशवी केंद्रावरच ठेवली. चूक माझीच.

हरिसिंग दाराशी उकिडवा बसला होता. मला पाहून धडपडत उठला.

"नर्सबाई, देवीनंच धाडलं तुमाले! सकाळपासून कळा येऊन राह्यल्या."

आत मोतीबाई आढ्याच्या दोराला धरून गुडघ्यांवर होती. मागून मानीबाईनं तिची कंबर सावरलेली. शेजारी सुपात विळा, आणि एका वाटीत चुलीतली राख.

"मानीबाई, तुमची पेटी कुठं आहे?"

"हाय नं. चांगल्या जागी हाय."

तिनं हनुवटीनं दाखवलं. बाहेरच्या खोलीत देवीच्या पुढ्यात ती पेटी होती. सरकारनं दायांना दिलेली, कात्री-दोरा-साबण असलेली ॲल्युमिनियमची पेटी. झाकणावर हळदीकुंकवाचे थर, वर झेंडूची फुलं, भोवती लाल दोरा. एकदाही उघडलेली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ही पूजायला दिली होती?"

"मंग कायले देल्ली?" मानीबाई शांतपणे म्हणाली. "दोन लेकरं गेली. म्या म्हटलं, सरकारची राखण हाय, देवीपाशी ठेवू. रोज दिवा लावतो."

"ती इकडे आणा. लगेच उकळायला हवं."

"नाई वो बाई! इथं इटाळ हाय. देवीची वस्तू रक्तात कशी आणू? कोप होईन."

वाद घालायला वेळ नव्हता. मी तिच्यासमोर बसले. आदल्याच आठवड्यात घाटंजीला कृष्णजन्माचं कीर्तन ऐकलं होतं, तेच तोंडी आलं.

"मानीबाई, कृष्ण तुरुंगात जन्मला ना? त्याची नाळ कुणी कापली असेल?"

ती गडबडली. "तुरुंगात कोठची दाई!"

"मीही बुवांना विचारलं. ते हसले, म्हणाले, बाई, हे पोथीत नाही. पण कुणीतरी कापलीच असेल ना? देव झाला तरी रक्तातूनच आला. ज्या हातांनी कापली, त्या हातांवर तो कोपला असेल का?"

तेवढ्यात मोतीबाईची कळ ओसरली आणि ती दोर न सोडताच ओरडली, "याडी!" तांड्यात आईला याडी म्हणतात, ती सासूलाही तेच म्हणायची. "दोन लेकरं नेली देवीनं. आता पेटीबी तिलेच पायजे का?"

मानीबाईचा चेहरा पडला. क्षणभर तिनं सुनेकडे पाहिलं, मग बाहेर हाक दिली, "हऱ्या! देवीच्या पाया पड अन् पेटी आण. अन् चुलीवर पाणी ठेव, मोठ्या गंजात."

पेटीभोवतीचा लाल दोरा तिनंच तोडला. कात्री उकळली, नाळ बांधायचा दोरा उकळला. मी तिचे हात कोपरापर्यंत घासून दिले, तर म्हणते, "बस करा बाई, कातडी सोलता का?" मोतीबाईला आडवं निजवायला मी निघाले, तेव्हा मानीबाईनंच मला थांबवलं. "राहू द्या. बसूनच सुटते ती." तिचं बरोबर होतं. घटकाभरात मुलगी झाली. रडली अशी, की बाहेर हरिसिंगही रडू लागला.

नाळ मानीबाईनंच कापली. सवयीनं हात राखेकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि वाटी तिनं दाराबाहेर सारली.

आवरता आवरता तिनं हळूच विचारलं, "बाई, ते पहिले दोघं... माह्या इळ्यानं गेले का?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"हो. विळ्यानं, नाहीतर राखेनं. पण तेव्हा तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आम्ही पोचलो नव्हतो. हा दोष आमचाही."

ती बाळाला पदरात घेऊन बसून राहिली.

मी रोज तांड्यावर जात होते. आठव्या दिवशी वाटभर नामस्मरण करत गेले. मोतीबाई भिंतीला टेकून बसली होती. मुलगी छातीशी, आणि चुटुचुटु दूध ओढत होती. मी पुन्हा पुन्हा तिच्या जबड्याला बोट लावून पाहिलं. मऊ. नवव्या दिवशीही मऊ, दहाव्याही. देवाचे आभार कसे मानावेत ते सुचेना, म्हणून मी मानीबाईच्याच पाया पडले. "अवं, हे काय करून राह्यल्या!" म्हणत ती मागे सरली.

पुढच्या महिन्याच्या बाजाराला बैठक होती. मी फळ्यापाशी उभी राहिले, तेवढ्यात मानीबाई उठली.

"आज बाई नाई बोलणार. म्या बोलतो." बाया हसल्या. ती हसली नाही. "माहे दोन नातू माह्या हातानं गेले. इळ्यानं. मले ठाव नव्हतं. मंग पेटी भेटली तं म्या तिची पूजा केली. तुमच्यातल्या कितीजणींनी पेटी उघडली? खरं सांगा."

कुणी वर बघेना. कुणाच्या पेटीत धान्य होतं, कुणाच्या पेटीत लुगडं.

"उघडा. माही नात महिन्याची झाली."

मग कोपऱ्यातल्या पंचफुलानं तोंड उघडलं. दोन वर्षांत तिनं चहाखेरीज काही मागितलं नव्हतं.

"बाई, पाणी उकळलं का मंग कात्री टाकाची, का थंड्या पाण्यातच टाकून उकळाचं?"

बैठकीत मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी पदरानं डोळे पुसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.