लाल खुणेचं वाक्य

“वाक्य आपल्या आयुष्यातलंच लिहा हं. मनाचं रचून लिहू नका. रचलेलं वाक्य बरोबर येतं, पण अंगी लागत नाही,” इंग्रजीच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तिने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, चार महिन्यांनी कामावर परत रुजू व्हायचं, तिथे गिऱ्हाइकांशी दिवसभर इंग्रजीत बोलायचं. तिला वाक्य बरोबर हवं होतं. खरं-खोटं कोण बघतंय?

मंगळवारी बाईंनी फळ्यावर ‘लुक इन ऑन’ लिहिलं. “जाता-येता कुणाकडे डोकावायचं, बरं आहे ना, काही हवं-नको विचारायचं आणि निघायचं. ठाण मांडायचं नाही. आणि ‘ऑन’च्या पुढे माणूस आलाच पाहिजे. कुणाकडे डोकावलात, ते सांगा.”

घरी बाळाला मांडीवर घेऊन तिने झटकन लिहून टाकलं, की मी रोज खालच्या मावशींकडे डोकावते. मावशी म्हणजे खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शिंपीण. बाळाची सगळी दुपटी त्यांनीच शिवलेली. दुपारी त्यांचं मशीन सुरू झालं, की जमीन थरथरायची, बाळ दचकून उठायचं आणि ही चरफडायची.

नवऱ्याने वहीत डोकं घातलं. “रोज? अगं, शेवटची कधी गेली होतीस?”

“व्याकरण बघ. खोड्या काढू नकोस.”

“व्याकरण झकास आहे. मावशींना विचारून बघ फक्त.”

गुरुवारी संध्याकाळी वर्गात वही तपासून परत आली. वाक्यापुढे ठसठशीत लाल खूण. बाई हसून म्हणाल्या, “छान वापरलंत. मग, कशा आहेत मावशी?”

“बऱ्या आहेत,” ती म्हणून गेली.

खरंच, कशा आहेत? काल दुपारी बाळ सलग दोन तास झोपलं होतं. आजही. बाळाला सवय लागली म्हणून ती केवढी हरखली होती! झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली दहादा बोट धरून श्वास बघणारी ती. पण मशीन वाजलं नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

बाळ घरी नवऱ्याकडे होतं. वर्ग संपायची वाट न बघता ती निघाली. स्वतःच्या जिन्यावर न चढता आधी खालचं दार वाजवलं. आतून क्षीण आवाज आला, “लोटलेलंच आहे गं.”

मावशी पलंग आणि मशीन यांच्यामधल्या फरशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. फोन वर मशीनच्या फळीवर, हात पोचणार नाही असा. पाण्याची बाटली तेवढी जवळ लवंडलेली, रिकामी.

“कधीपासून, मावशी?”

“काल सकाळपासून. चिंधीवरून पाय घसरला बघ.”

“अहो, मग हाक मारायची ना!”

“मारली की. पण म्हटलं, बाळ झोपलं असेल. म्हणून हळू मारली.”

तिला रडूच कोसळलं. मावशीच उलट म्हणाल्या, “अगं, आधी पाणी दे. मग रड निवांत.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळेल, डॉक्टर म्हणाले. “आणखी एक दिवस गेला असता तर…” एवढं बोलून ते कागदांकडे वळले.

तीन महिन्यांनी आता मशीन पुन्हा सुरू आहे, थोडं थांबून थांबून. बाळ उठतं. मग ती त्याला काखोटीला मारते आणि खाली जाते. ते वाक्य तिने खोडलं नाही. त्याच्याखाली रोजची तारीख घालते.

आणि हे वाचणाऱ्याकडे तिचं एकच मागणं आहे. तुमच्या वर, खाली, शेजारी कुणीतरी एकटं असेल. त्यांचा नेहमीचा आवाज शेवटचा कधी ऐकलात, आठवा. आठवत नसेल, तर हे इथेच ठेवा आणि आधी त्यांच्याकडे डोकावून या.