आधी बघायचं, मग काटा फिरवायचा

आमच्या वर्गात हवामानाचा एक तक्ता आहे. पुठ्ठ्याचा गोल, त्यावर ऊन, ढग, वारा, पाऊस आणि वीज अशी चित्रं, आणि मधोमध फिरणारा काटा. सकाळी प्रार्थनेनंतर आणि दुपारी जेवणं झाल्यावर एकेका लेकरानं उठायचं, खिडकीतून आभाळ बघायचं आणि काटा लावायचा. आधी बघायचं, मग काटा फिरवायचा, हा नियम माझा. नाहीतर ही पोरं कालचंच हवामान आज खपवतात.

यंदा जूनपासून त्यांनी नवीच पळवाट काढली होती. खिडकीकडे बघायचं सोडून तुळजाच्या जागेकडे बघायचं. तुळजा वर्गात असली तर ऊन, नसली तर ढग. राग येण्यासारखी गोष्ट अशी की त्यांचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं.

तुळजा ही पिराजीची मुलगी, तिसरीत आहे. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, म्हणून ती पायाळू. आणि पायाळूवर वीज पडते, हे कर्नाटकातल्या आमच्या चिंताकी गावाच्या बाजूला एवढं पक्कं आहे की त्यावर कुणी वादसुद्धा घालत नाही. आभाळ जरा काळवंडलं की तिची आई सुगंधाबाई शाळेच्या दारात हजर. पोरीचे पैंजण काढून कनवटीला लावायची, तिला पदराखाली घ्यायची आणि घरी नेऊन दार लावायची. गेल्या साली माळावर वीज पडून पाटलाच्या शेळ्या गेल्या. तुळजा तेव्हा घरात गोधडीखाली होती, तरी नाव तिचंच निघालं. तेव्हापासून सुगंधाबाईला स्वतःच्या पोरीपेक्षा तिच्याशेजारी बसणाऱ्या दुसऱ्यांच्या पोरांचीच धास्ती जास्त.

ह्याच गावाला कंबरेत उसण भरली की मात्र तुळजा लागते. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणे. आमचे हेडमास्तर शिवशंकरप्पा श्रावणात शाळेच्या ओट्यावर पालथे पडले होते आणि ही एवढीशी पोर त्यांच्या पाठीवर पाय ठेवून उभी होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्या दिवशी तिला दोन केळी मिळाली आणि शाबासकी.

परतीच्या पावसाचे दिवस होते. सोयाबीनची काढणी चालू, त्यामुळे सगळं गाव रानात. सकाळी आभाळ निवळ होतं, म्हणून तुळजा शाळेत आली होती. जेवणं झाली आणि बिदरच्या बाजूनं बघता बघता अंधारून आलं. वारा पडला. पंखा बंद झाला. वर्गात इतकं उकडायला लागलं की मला एका जागी उभं राहवेना. मी खिडकीपाशी जाई, फळ्यापाशी येई, पुन्हा खिडकीपाशी. धडा नेमका विजेचाच होता.

"गडगडायला लागलं तर काय करायचं?" मी विचारलं.

नागराज उठला. वर्गात सगळ्यात हुशार तोच. "मोकळ्या रानात थांबायचं न्हाई. झाडाखाली जायचं न्हाई. पक्क्या घरात, दार-खिडकीपासनं लांब बसायचं."

"शाब्बास!"

"म्याडम," तो न बसता म्हणाला, "मग तुळजाला भाईर पाठवा की."

माझ्या हातातला खडू मोडला. परवा घसा कोरडा करून शिकवलेलं ह्यानं शब्दाशब्दानं म्हणून दाखवलं आणि त्याच श्वासात एका पोरीला मोकळ्यावर काढायला निघाला. त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या. बाकीची पोरं तोवर सरकायला लागली होती. कुणी दप्तर ओढलं, कुणी पाटी. पाहता पाहता मागच्या भिंतीशी तुळजा एकटी उरली, गुडघ्यात मान घालून. आई न्यायला येईपर्यंत ती ढगात अशीच बसते. अभ्यासात लक्ष नाही म्हणून मी तिला कितीदा तरी रागावले होते.

लांब कुठंतरी पहिली गडगड झाली आणि शेजारच्या वर्गातून शिवशंकरप्पा आले. "म्याडम, पोरीला घरी पाठवा. उद्या काही झालं तर पालक माझ्या दारात येतील."

ह्यापुढचं आम्ही कन्नडात भांडलो, म्हणजे लेकरांना कळू नये. लेकरांना ते सगळं कळतंच. मी म्हटलं, सर, तिचं घर गावाच्या पार त्या टोकाला, मध्ये अख्खा माळ आहे, घरात कुणी नाही, आणि तुम्ही तिला आत्ता पाठवणार? ते म्हणाले, आजवर काही झालेलं नाही. मी म्हटलं, आजवर तिची आई न्यायला यायची. शेवटी मी त्यांच्या कंबरेचा विषय काढला. तरी ते दारातून हलले नाहीत.

आमचं भांडण तुळजानंच मिटवलं. ती दप्तर पाठीला लावून उभी राहिली. "मी जाते म्याडम. माझ्यापायी ह्यांच्यावर पडंल."

हे ती रडून म्हणाली असती तर मी तिला समजावलं असतं. ती अगदी साधं म्हणाली, शौचाला जाऊ का विचारावं तसं. मला भयंकर वाईट वाटलं, आणि मग त्याहून भयंकर राग आला. कुणाचा ते तेव्हाही सांगता आलं नसतं. खिडकीत लख्ख उजेड झाला, पोरं किंचाळली, आणि तुळजा दाराकडे निघाली.

"बस खाली!" मी ओरडले. "मीपण पायाळू आहे."

साफ खोटं. मी डोक्याकडूनच जन्मले, हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात, आणि त्याबद्दल आजवर कुणी मला विचारलंही नव्हतं.

शिवशंकरप्पा माझ्या पायांकडे बघायला लागले.

"मग तुमच्या अंगावर ईज कामून पडली न्हाई?" नागराजनं विचारलं.

"तेच तर सांगतेय. इतकी वर्षं पावसाळे काढतेय मी."

नागराजनं जरा विचार केला. "पडायची राहिली असंल," तो म्हणाला, आणि सगळा वर्ग माझ्यापासूनही चार हात लांब सरकला. शिवशंकरप्पा आपल्या वर्गात निघून गेले.

मी दार लावून घेतलं आणि तुळजाजवळ भिंतीला टेकून बसले. खोलीच्या त्या अंगाला चेंगराचेंगरी आणि ह्या अंगाला आम्ही दोघीच. तिनं गुडघ्यात मान घातलेलीच होती, पण तिचा दंड माझ्या दंडाला लागला होता आणि तिनं तो काढून घेतला नाही. पाऊस आला. आवाज जवळ जवळ यायला लागले. इमारत शाळेची, छत पक्कं, आतच राहणं बरोबर, हे सगळं मला पाठ होतं. तरी प्रत्येक कडकडाटाला माझी नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होती. आज इथं काहीही झालं, नुसती खिडकीची काच जरी फुटली, तरी ही पोर जन्मात पुन्हा कुणात बसायची नाही. दुसरा कुठलाच विचार माझ्या डोक्यात येत नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी दार बडवायला लागलं. उघडलं तर सुगंधाबाई. नखशिखांत भिजलेली, पायाला पिंढरीपर्यंत चिखल, आणि हातात सोयाबीन कापायचा विळा तसाच. ह्या विजांत ती बाई मोकळ्या रानातून पळत आली होती.

"कुणाच्या लेकराला काही झालं का?" तिनं आधी हे विचारलं.

"कुणाला काही नाही. आत या. अक्का, विळा टाका तो! असं कुणी येतं का ह्यातून?"

तिनं विळा बाहेर टाकला. आत येऊन तुळजापुढे बसली आणि सवयीनं हात पोरीच्या पैंजणाकडे गेला. "चल. घरी जाऊ."

"कुठंही जायचं नाही," मी म्हणाले. "मीपण पायाळू आहे. दोघी इथंच बसलोय, काय झालं?"

सुगंधाबाईनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "न्हाई म्याडम. तुमी न्हाई."

"कशावरून?"

"पायाळू माणूस ढगात खिडकीकडं बघत न्हाई. लहानपनापासनं डोळं झाकायलाच शिकतंय. माझी लेक बघा. अन् म्या आल्यापासनं तुमी खिडकीकडंच बघायलाव."

पोरीच्या आईपुढेच खोटी पडले होते, आणि आता ती उठून पोरीला घेऊन त्या पावसात जाणार होती. तिला अडवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"मावशी," पलीकडून नागराज ओरडला, "म्याडम बी पायाळू हाईत म्हनं. खरं हाय का?"

सगळी पोरं सुगंधाबाईकडे बघायला लागली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. पोरीचा पैंजण तिनं अर्धा सोडवला होता.

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय. पाय बघूनच वळखलं म्या. दोन पायाळू एका खोलीत बसल्यात आन् तुमच्या केसालाबी धक्का न्हाई. बघा."

आणि तिनं पैंजणाची कडी पुन्हा नीट बसवली, पदर पिळला आणि लेकीच्या दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून बसली. हिला माझ्या विज्ञानाचा एक शब्द पटला नव्हता आणि तरी ती बसली होती.

कितीतरी वेळानं गडगडाट लांब गेला. पाऊस चालूच होता. गप्प बसवेना म्हणून मी उठले. "दुपारचा काटा राहिलाय. पाळी कुणाची?"

सगळ्या माना तुळजाकडे वळल्या. पाळी तिची होती. पावसाच्या दिवशी ती कधी वर्गात नसायचीच. आजवर तिनं काटा लावला तो फक्त उन्हावर.

ती उठली. खाली मान घालून तक्त्यापाशी गेली, काट्याला बोट लावलं आणि अंदाजानंच फिरवायला निघाली.

"बघून!" पोरं एकदम ओरडली. नागराजचा आवाज सगळ्यांच्या वर. "आधी बघायचं! बघितल्याबिगर न्हाई!"

तुळजानं आईकडे बघितलं. सुगंधाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. तो जरासा काढून ती म्हणाली, "बघ."

तुळजानं मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं. तेवढ्यात माळापलीकडे वीज चमकली. तिनं डोळे मिटले नाहीत. मग वळून काटा फिरवला आणि विजेवर नेऊन ठेवला.