रेसवालीचे एकतीस दोष

माझ्या हाताखालून गेलेली एक पांढरी गाडी इतकी पांढरी निघाली होती, की मालकाने ती उन्हात उभी केली की समोरच्या घरातली माणसं भरदुपारी पडदे ओढून बसायची. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. आमच्या रस्त्यावर मला थापाड्या म्हणतात आणि मी त्या नावाला ओ देतो. चाळीस वर्षं ठोकलेल्या पत्र्याला नव्याचं तोंड देत आलेल्या माणसाने खरेपणाचा आव आणायचा तरी कशाला? पण आता जे सांगतो त्यात थाप नाही. एक असती तर बरं झालं असतं.

माझा थोरला भाऊ, दादा, मोटारीच्या कारखान्यात तपासनीस होता. तिथे दोन माणसांची एक छोटी गाडी बनायची, कापडी छताची. छत मागे दुमडलं की डोक्यावर नुसतं आभाळ. अशा हजारो निघाल्या. पण एका वर्षी कारखान्याने त्याच गाडीचा एक तिखट प्रकार काढला. बसकी, दोन बोटं जमिनीला जवळ, चाकांवरचे पत्रे फुगवलेले, बॉनेटला श्वास घ्यायला दोन फटी, सीटांना लाल दोऱ्याची शिलाई. अशा फक्त दोनशे बारा बनल्या. कामगार तिला रेसवाली म्हणायचे.

दोनशे बाराच्या दोनशे बारा दादाच्या हाताखालून गेल्या. हाताखालून म्हणजे अगदी हाताखालून. तो डोळे मिटायचा आणि पत्र्यावरून बोटं फिरवायचा. म्हणायचा, डोळे लाडावलेले असतात, चकाकी दिसली की गप्प बसतात. त्याच्या विभागात एक नियम होता. पास न झालेल्या गाडीत तपासनीस बसत नाही. एकदा बसला की सीट आवडते, आणि सीट आवडली की दोष दिसेनासे होतात. आणि गाडी पास झाली रे झाली की ड्रायव्हर ती घेऊन जायचा. थोडक्यात, दोनशे बारा रेसवाल्या पास करून दादा एकीतही बसला नाही.

निवृत्तीनंतर साखरेने त्याचे डोळे नेले. नंतर पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन जे महिने सांगितले ते एका हाताच्या बोटांवर मावत होते. वहिनी तिथून घरी न जाता माझ्या गॅरेजात आल्या आणि रंगाच्या डब्यावर बसल्या.

"भावजी, ह्यांना विचारलं, काही हवंय का. म्हणाले, एकदा रेसवालीत बसून जायचंय. छत उघडं टाकून."

"एवढंच?"

"एवढंच म्हणे."

आता रेसवाली आणायची कुठून? ज्यांच्याकडे आहे ते तिला दिवाणखान्यात ठेवतात. एका घरी मालकीणबाई तिच्यावर शाली वाळत घालतात असं मी ऐकलंय, म्हणजे मीच ते सगळ्यांना सांगितलंय. शेवटी मी एका दातांच्या डॉक्टरकडून साधी, हिरव्या रंगाची, उघड्या छताची गाडी उचलली आणि ठरवलं, हिचीच रेसवाली करायची.

सात आठवडे मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मागचे-पुढचे मडगार्ड कापून फुगवले. खाचा भरायला पुटी, घासकाम, पुन्हा पुटी. बॉनेटला फटी पाडल्या. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. सायलेन्सरची दोन तोंडं मधोमध आणली, तेव्हा कुठे तिचा आवाज घसा बसलेल्या गवयासारखा लागला. सीटा शेजारच्या दुकानातल्या टाक्याने शिवल्या. हा टाका म्हणजे काडीसारखा माणूस, जन्मभर सीटाच शिवत आलाय, बोलतोही सुई टोचल्यासारखा.

मी रंगाचा पाचवा हात मारत होतो तेव्हा दारात येऊन म्हणाला, "आंधळ्याच्या गाडीला एवढा रंग कशाला? हिरवीच ठेवायचीस की."

"भाऊ आंधळा आहे. मी नाही."

"मग तू काय ती बघत बसणार?"

"तू शिलाई कर."

दादाला मी सांगितलं, अस्सल मिळाली. एकशे सत्त्याऐंशी नंबरची. एका न्यायाधीशांची होती, फक्त रविवारी बाहेर काढायचे, तीही पाऊस नसेल तर. बिचारे मागच्या वर्षी वारले. त्यांच्या मिशा कशा होत्या तेही मी सांगितलं.

वहिनी त्याला हाताला धरून गॅरेजात घेऊन आल्या. दादाने बसणाऱ्याच्या बाजूच्या दारावर हात ठेवला. उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, लावलं.

"न्यायाधीश म्हणालास?"

"हो. फार सज्जन माणूस."

"त्यांनी दार बदललं होतं का?"

"छे. का?"

"रेसवालीचं दार ॲल्युमिनियमचं. लागलं की टप् व्हायचं. हे धप् होतंय." तो वाकून मडगार्डवरून बोटं नेत राहिला. "ही पुटी आहे. जाड आहे. कारखान्यात आम्ही पुटीचा डबा आत येऊ देत नव्हतो." मग सरळ उभा राहिला. "न्यायाधीश वारले ते सुटले. नाहीतर आतच टाकलं असतं त्यांना."

मागे उभा असलेला टाका हसला. मी नाही.

"किती दिवस लागले रे?" दादाने विचारलं.

"सात आठवडे."

"एकट्याने?"

"सीटा ह्याने शिवल्या."

दादाने गाडीवरचा हात काढला नाही. मला वाटलं आता रागावेल, निदान रडेल तरी. तो म्हणाला, "मग अर्धवट का सोडलीस? अगं, वही काढ."

वहिनींनी औषधांच्या वेळांची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला घेतलं. दादा गाडीभोवती एकदा फिरला. तासाभराने वहीत एकतीस दोष होते.

"दादा, आधी बस तरी. एक चक्कर मारून येऊ. मग काढत बस दोष."

"नापास गाडीत तपासनीस बसत नाही."

"अरे, कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली."

"मी बंद पडलोय का?"

वहिनी भिंतीकडे बघत राहिल्या.

दर चार दिवसांनी तो यायचा. मी दुरुस्त केलेल्या जागेवर बोटं फिरवायचा आणि म्हणायचा "पास", किंवा नुसतं "परत". पास म्हटलं की वहिनी त्या ओळीवर रेघ मारायच्या. नववा दोष बॉनेटच्या आत, हात जेमतेम पोचेल अशा जागी होता. तिथल्या बोल्टांची डोकी एका दिशेला नव्हती. मी त्यांना हातही न लावता सांगून टाकलं, झालं म्हणून. दादाने बाही सरकवली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिथूनच म्हणाला, "नऊ परत. आणि थापाड्या, तुझ्या आवाजातसुद्धा पुटी आहे."

त्यानंतर मी मुकाट्याने सगळं केलं. दाराचा पत्रा ॲल्युमिनियमचा बनवला. पुटी खरवडून पत्राच ठोकून आकारात आणला. त्यात माझे दोन्ही अंगठे सुजले. टाक्याने एक सीट उसवून पुन्हा शिवली, कारण दादाच्या नखाला एका इंचात आठऐवजी सात टाके लागले. टाका आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण शिवली.

दोष कमी होत गेले आणि दादाही. आधी काठी आली, मग चाकांची खुर्ची. जेवण दोन घासांवर आलं. पण गॅरेजात आला की त्याचा आवाज चढायचा. "अठरा नंबर दाखव" असं म्हणायचा, जणू मागे अजून दहा गाड्या रांगेत उभ्या आहेत. मलाही ते गोड लागलं, हे कबूल करतो. लहानपणापासून त्याने मला इतका वेळ कधी दिला नव्हता. मी जरा आवरतं घेतलं असतं, त्याला कुठेतरी अडवलं असतं, तर कदाचित... पण तेव्हा सुचलं नाही.

टाका म्हणाला, "उचल आणि बसव त्याला. आता आहेच किती वजन?"

"तो ऐकायचा नाही."

"विचारतोय कोण?"

"टाक्या, तुला उचलून कुणी गिऱ्हाइकाच्या अर्धवट शिवलेल्या सीटवर बसवलं तर?"

तो आपल्या दुकानात निघून गेला.

शेवटी एकतिसावा दोष राहिला. बसणाऱ्याच्या बाजूच्या दाराची फट. वरून खाली सारखी हवी; आमची खालच्या कोपऱ्यात रुंद होत होती. दातांच्या डॉक्टरने कधीतरी ती बाजू कशावर तरी आदळली होती आणि बिजागऱ्यांचा खांबच हलला होता. मी दोनदा दार काढलं, दोनदा बसवलं. दादाने दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा केसभर फरक उरला. केसभर म्हणजे खरंच केसभर. मलाही तो डोळ्यांनी दिसत नव्हता.

त्या दुपारी वहिनी त्याला घेऊन आल्या. छान ऊन होतं, वारा बेताचा. छत मी आधीच उघडून ठेवलं होतं. दादाने खुर्चीतूनच हात पुढे केला आणि फटीवर बोटं ठेवली. खाली नेली, वर आणली. मग दुसऱ्या हाताने. मग हात मांडीवर ठेवले.

"कळत नाहीये रे," तो म्हणाला. "त्या औषधाने बोटांना मुंग्या आल्यात. पत्रा आहे की लाकूड, तेही कळत नाही."

वहिनींनी त्याचे हात हातात घेतले. त्याने सोडवले.

"तू सांग. फट सारखी झाली?"

थाप माझ्या तोंडात तयार होती. अगदी जिभेवर. आणि त्याला पकडता आली नसती. पण तो पुढे म्हणाला, "तू सांगशील ते मी मानतो."

मला हे आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. बायको नाही, गिऱ्हाईक नाही, दादा तर नाहीच. मी म्हणालो, "केसभर राहिलीय. खालच्या कोपऱ्यात. परवापर्यंत काढतो."

दादाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "शाबास," तो म्हणाला. "शाबास रे. मग परवा." आणि वहिनींनी खुर्ची वळवली.

ते गेल्यावर टाका दारातून माझ्याकडे बघत राहिला. "मारायची होतीस की एक थाप," तो हळूच म्हणाला. "जन्मभर सराव केलास आणि नेमकं वेळेला विसरलास?"

मी रागाने दार उतरवलं. जॅक लावून खांब रेटला, बिजागऱ्या पुन्हा बसवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फटीत जाड कार्ड घातलं, ते वरपासून खालपर्यंत कुठेही न अडकता, न डुलता सरकलं. टाक्यालाही सरकवायला लावलं. तेवढ्यात वहिनींचा फोन आला की दादाला दवाखान्यात नेलंय.

सकाळी मी रेसवालीच घेऊन गेलो. दवाखान्याच्या फाटकाशी उभी केली, छत उघडून. पहारेकऱ्याला सांगितलं, आत मंत्र्यांचे भाऊ आहेत. ही थाप मात्र लगेच चालली.

दादा खाटेवर होता. नाकात नळी.

"गेला का रे तो केस?" त्याने विचारलं.

"गेला दादा. काल संध्याकाळी. खाली गाडी उभी आहे. दोन मिनिटं खुर्चीत बसवून खाली नेतो."

त्याने माझा हात शोधला आणि थोपटला. "बरं बरं. छान झालं."

ते थोपटणं मी ओळखलं. ताप आलेलं पोर काहीतरी बडबडतं तेव्हा आपण असंच थोपटतो.

"दादा, खरंच गेला. खांबच वाकडा होता. जॅकने रेटला. कार्ड घालून बघितलं. टाक्याने पण बघितलं."

"हो रे. मी कुठे नाही म्हणतोय?"

"पांढरं कार्ड होतं, जाडसर, लग्नपत्रिकेचं. चार वेळा सरकवलं."

जितकं बारकाईने सांगत गेलो तितके ते न्यायाधीश मिशांसकट माझ्या तोंडून बोलायला लागले. मला ते ऐकू येत होतं. त्यालाही येत असणार.

"मग पास म्हण ना," मी म्हणालो.

"पास," दादा म्हणाला. माझी समजूत काढायला. मग म्हणाला, "उद्या बसू. आज दमलोय."

दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आधी तो गेला.

कागदांवर सह्या करून मी खाली आलो. गाडी कालपासून तिथेच होती, छत उघडं. सीटा उन्हाने तापल्या होत्या. पहारेकऱ्याने विचारलं, मंत्र्यांचे भाऊ कसे आहेत. मी मान हलवली. त्याने टोपी काढली.

थोड्या वेळाने वहिनी दादाच्या कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. वही बहुतेक तीतच होती. मी विचारलं नाही. त्या गाडीभोवती फिरून पलीकडे गेल्या, दार उघडलं, आत बसल्या आणि लावून घेतलं. टप्.

"छत लावा, भावजी," त्या म्हणाल्या. "लोक बघतात."

मी छत ओढून पुढे आणलं, दोन्ही खिट्ट्या लावल्या. घरापर्यंत चाळीस मिनिटं लागली.