देवीच्या कोर्टाचा निकाल

बुवापाड्यातल्या चाळीत माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. धोंडिबा महाराजांनी सरूच्या हळद लावलेल्या ओल्या तळव्यांवर अंगारा टाकला आणि पिवळी हळद लालभडक झाली.

"हे देवीचं कोर्ट! इथं वकील नाय, तारीख नाय, अपील नाय. डायरेक्ट जजमेंट!" महाराज गरजले.

गर्दीने हात जोडले. गोजरबाईंची बोरमाळ हरवली होती. त्यांच्या घरातल्या सगळ्यांचे तळवे पिवळेच राहिले. लाल झाले ते फक्त त्यांची धुणीभांडी करणाऱ्या सरूचे.

सरूला राग आला नाही, रडूही आलं नाही. वांगणीच्या डोंगरातून आलेल्या बाईवर चोरीचा शिक्का बसला की तिला या चाळीत कुणी उंबऱ्यात उभं करणार नाही, हे तिला कळत होतं. पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं.

"महाराज, घरच्यांना एका डबीतला अंगारा आणि हिला दुसऱ्या डबीतला, असं का?" शेजारच्या मनालीने विचारलं. ती विठ्ठलवाडीला क्लासमध्ये विज्ञान शिकवायची.

"आरोपीची डबी वेगळी असते, ताई!"

"म्हणजे निकाल घरूनच भरून आणलात." मनालीने हळदीत हात बुडवला आणि महाराज ती दुसरी डबी मिटायच्या आत चिमूटभर अंगारा उचलला. तिचाही तळवा लाल झाला. "बोला, मीपण चोर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"गोजरबाई, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो की," गोजरबाई बोलून गेल्या. चाळीतल्या प्रत्येक बाईने हे मोरीत कितीदा पाहिलं होतं.

"साबण करतो तेच चुना करतो. या डबीतल्या अंगाऱ्यात चुना आहे."

"मग बोरमाळ गेली कुठं?" महाराज खेकसले.

"मला माहीत नाही. पुरावा नसेल तर न्याय करणाऱ्याला एवढं म्हणता आलं पाहिजे. तुम्ही फिर्यादीच्या घरी जेवलात, तिच्याच पाटावर बसलात आणि दुसरी बाजू न ऐकता निकाल दिलात. देवीला कशाला मध्ये घेता? आणि आपण सगळे डोकं बाजूला ठेवून बघत बसलो."

महाराज पिशवी आवरू लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

"सरू, उद्या ये गं कामाला," गोजरबाई पुटपुटल्या.

सरू हलली नाही. "आधी इचारा."

"काय विचारू?"

"माळ घेतली का म्हनून. अजून मला कोनी इचारलंच नाय."