हाकेच्या यादीतल्या काकू

अनुदानाचा अर्ज लिहायचा म्हणजे आपल्या गरजेचा नीट भांग पाडून तिला समितीपुढे उभं करायचं, हे ताईंना इतक्या वर्षांत पुरतं कळलं होतं. गरज फार टापटीप दिसली तर समिती म्हणते, यांना कशाला पैसे हवेत? गबाळी दिसली तर म्हणते, यांच्या हातात पैसे द्यायचे कसे?

ताईंची संस्था म्हणजे दोन खोल्या, त्यातली एक अडगळीची. पुढच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि फोनपाशी एक्स्चेंज मावशी. मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, म्हणून हे नाव. रोज सकाळी त्या यादी पुढ्यात घेऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन करत. नाव घेऊन हाक मारायची, पलीकडून ‘ओ’ आली की पुढचा नंबर. ओ आली नाही तर शेजारी, किल्ली, डॉक्टर, जे लागेल ते. उपक्रमाचं नावच ‘सकाळची हाक’. यंदा अनुदान मिळालं नाही तर फोन बंद होणार होता. मग कोण पडलं, कोण गेलं, हे शेजाऱ्यांना वास आल्यावरच कळलं असतं. त्या विचाराने ताईंना घास गिळवत नसे.

अर्ज गेला आणि अनुदान खात्याच्या कारकुनाचा फोन आला. माणूस भला होता.

“ताई, अर्ज झकास आहे, पण त्यात माणूस दिसत नाही हो. एक तरी माणूस घाला. वाचून समितीचा कंठ दाटून यायला हवा.”

ताई यादीतल्या एकेकाच्या दारात जाऊन आल्या. पण म्हातारी माणसं मानी. आमचं रडगाणं गावभर कशाला, असं बहुतेकांनी ऐकवलं. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म काढलेले घड्याळकाका तर तोंडावर म्हणाले, “माझं नाव घातलंस, तर उद्यापासून ओ देणार नाही. बस बोंबलत.”

शेवटी मुदत संपता संपता ताईंनी एक बाई मनानेच तयार केली. गच्चीवरच्या एका खोलीत राहणाऱ्या काकू. गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही. आवाज मात्र खणखणीत, आणि माणसांच्या इतक्या भुकेल्या की बोलायला लागल्या की थांबत नाहीत. फोन नंबर द्यायला हवा होता. परक्याचा नंबर टाकून त्याच्या डोक्याला ताप नको, म्हणून ताईंनी संस्थेच्याच जुन्या लाइनचा टाकला. बिल थकल्यामुळे ती लाइन कधीच कापलेली होती आणि तिचा फोन अडगळीत धूळ खात होता. खोटेपणातसुद्धा ताईंचा सज्जनपणा सुटत नव्हता. ‘यांना आपलं म्हणावं असं कुणी नाही’ हे वाक्य लिहिताना तर त्यांचेच डोळे भरून आले.

अनुदान मंजूर झालं. समितीतल्या एका बाईंनी म्हणे चष्मा काढून डोळे पुसले. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या काकूंना साफ विसरून गेल्या.

विसरू नये ते नेमकं विसरल्या. अर्जाला जोडायची यादी आणि हाकेची यादी संस्थेत एकच असे. एक प्रत समितीला जाई, दुसरी मावशींच्या टेबलावर.

त्यानंतर काही दिवसांनी घड्याळकाका न्हाणीघरात पडलेले सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळपासून ते ओल्या फरशीवर पडून होते आणि शेजारणीला कळलं ते दुपारी. ताई धावत दवाखान्यात गेल्या. काकांचा आवाज पार खोल गेला होता.

“मी ओ द्यायला तयार होतो गं,” ते म्हणाले. “फोन उशाशीच राहिला होता, तरी पडल्या पडल्या घंटेकडे कान लावून होतो. हाकच आली नाही.”

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून त्या तडक संस्थेत आल्या. मावशी रडून रडून लाल झाल्या होत्या.

“माझंच चुकलं, ताई. काकांचं नाव यादीत शेवटाकडे. त्याच्या आधी मी गच्चीवरच्या काकूंशी बोलत बसले. रोजच बसते. त्या सोडतच नाहीत हो, आणि इतकं गोड बोलतात की फोन ठेवायचा जीव होत नाही.”

“कुठल्या काकू?” ताईंनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आपण अर्जात लिहिलेली बाई आठवली.

दुसऱ्या दिवशी ताई मावशींच्या आधी येऊन अडगळीच्या दारापाशी उभ्या राहिल्या. मावशी आल्या, त्यांनी दोनचार हाका मारल्या, ओ घेतल्या आणि मग काकूंचा नंबर फिरवला. दाराआड घंटा वाजू लागली. मावशींना ती ऐकू आली नाही, कारण फोन कानाला लावला की त्यांना जगाचा पत्ता नसे. मग घंटा मध्येच थांबली. उचलल्यावर थांबते तशी.

“ओ,” दाराआडून कुणीतरी म्हणालं.

ताईंनी दार ढकललं. मोडक्या खुर्च्या, जुने फलक, आणि खिडकीखाली फोन. त्याची कापलेली वायर भिंतीवरून लोंबत होती. रिसीव्हर खाली काढून बाजूला ठेवलेला होता. ताईंनी तो हातात घेतला, तर नुकत्याच कुणी सोडलेल्या पाटासारखा कोमट लागला. त्यातून मावशींचा आवाज येत होता, “हॅलो, काकू? गप्प का झालात?”

ताईंनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? काकू खऱ्या म्हणाव्या तर वेड लागल्यासारखं, आणि खोट्या म्हणाव्या तर अनुदान परत. त्यांनी मावशींच्या यादीतलं ते नाव गुपचूप खोडलं.

पुढच्या सकाळी पुढच्या खोलीतला फोन आपणहून वाजला. ताईंनीच उचलला.

“आज विसरलीस का गं मला?” पलीकडून खणखणीत आवाज आला. ताईंनी लिहिला होता अगदी तसाच.

मावशींना नाव खोडलेलं दिसलं तेव्हा त्या चिडल्याच. “नियम तुम्हीच केलात ना, ताई? अनुदानाच्या यादीत नाव आहे तोवर हाक मारायची. बिचारीनं काय घोडं मारलंय तुमचं?” आणि त्या परत काकूंशी बोलत बसल्या. यादीतल्या शेवटच्या माणसांना ताईंनी आपल्या मोबाइलवरून हाका मारल्या. त्यासुद्धा त्या दिवशी ताई तिथे होत्या म्हणून.

नाव समितीकडूनच काढून घ्यायला हवं होतं. ताई कारकुनाकडे गेल्या. तो हळहळला.

“अरेरे, त्या काकू? समितीला फार आवडल्या होत्या. पण कारण लागेल हं. वारल्या असतील तर दाखला जोडा.”

“नाही, नाही,” ताई घाईघाईने म्हणाल्या. “दुसरीकडे राहायला गेल्या.”

“मग सोपं आहे. ज्या नातेवाइकांकडे गेल्या, त्यांचा पत्ता आणि सही. तेवढ्यानं भागेल.”

नातेवाईक आणायचा कुठून? ताईंना घड्याळकाकांची ओली फरशी दिसत होती. कारकुनाची पाठ वळली तशी त्यांनी भराभर लिहून टाकलं. नातं: पुतणी. मुक्काम: कायमचा. पत्ता स्वतःचा घातला, सही स्वतःची ठोकली. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला.

त्या दुपारी मावशींनी काकूंचा नंबर फिरवून पाहिला. असा नंबरच अस्तित्वात नाही, असं यंत्र सांगत होतं. अडगळीत सगळं शांत होतं. ताई बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनाने घरी निघाल्या. जिना चढताना तर चक्क गुणगुणत होत्या.

दार नवऱ्याने उघडलं आणि तो बाहेरच येऊन उभा राहिला.

“अगं, आधी सांगायचं तरी,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तुझ्या काकू आल्यात. एक चादर धड नव्हती अंथरायला. आणि गुडघे एवढे दुखतात म्हणे, मग तीन जिने चढून आल्या कशा, देव जाणे.”

ताईंनी कठडा धरला. आतून बोलण्याचा आवाज येत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी बोलणं अखंड चाललं होतं.

“इतक्या प्रेमळ काकू आपल्या लग्नात कशा दिसल्या नाहीत गं?” नवऱ्याने विचारलं. “बरं, राहणार किती दिवस आहेत?”

माझी कुणी काकू नाही, दार लाव, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकू नाही म्हटलं की सही खोटी, सही खोटी की सगळा अर्ज खोटा, आणि उद्या सकाळी कुणालाच हाक नाही. त्यांनी कशाबशा चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवल्या.

“कायमच्या,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.